‘मला भूल चालत नाही’: दिंडोरीच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातले एक काका, वय ५७, उजव्या जांघेत हार्निया. टोमॅटोचे क्रेट उचलून उचलून वर्षभरात तो लिंबाएवढा झालेला. ऑपरेशन सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करायचं ठरलं होतं, कारण ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की द्राक्षबागाईतदाराला स्वतःच्या दुखण्याकडे बघायला सवड नसते. सर्जननी फाइल माझ्याकडे पाठवली तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं: ‘लोकल भुलीची ॲलर्जी. पूर्ण भूल द्यावी.’

मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. अशी नोंद दिसली की पुढचं सगळं आपोआप ठरत जातं. लोकल नको म्हणजे कमरेतली सुईही नको, कारण दोन्हीकडची औषधं एकाच घराण्यातली. म्हणजे रुग्णाला पूर्ण झोपवायचं, घशात नळी घालायची आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा रस्ता सुरक्षितच असतो. या काकांच्या बाबतीत तोच सगळ्यात धोक्याचा निघाला. काकांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील तेवढे बदलले आहेत.

पहिली भेट

काका, काकू आणि सूनबाई असे तिघं आले. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, ‘मॅडम, मला भूल चालत नाही. चार वर्षांपूर्वी दाढ काढायला गेलो होतो. सुई दिल्याबरोबर पार जीव जायची वेळ आली. डॉक्टरच म्हणले, तुम्हाला ॲलर्जी आहे, परत कधी घेऊ नका.’

ती दाढ तशीच राहिली होती. चार वर्षं ते एकाच बाजूनं जेवत होते.

त्या दिवशी त्यांच्या शरीरात काहीतरी घडलं होतं यात मला शंका नव्हती. शोधायचं होतं ते नेमकं काय घडलं हे. म्हणून मी एकेक प्रश्न सुटा करून विचारला. अंगावर पित्त उठलं होतं का? नाही. खाज? नाही. ओठ, पापण्या सुजल्या? नाही. दम लागला, छातीत घरघर झाली? तेही नाही. मग झालं काय?

‘छाती धडधडायला लागली. मोटर चालू करावी ना, तशी. हात थरथर कापत होते. मग घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली.’

‘आणि बरं कसं वाटलं?’

‘डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले. पाच-दहा मिनिटांनी उठून बसलो.’

‘सकाळी काय खाल्लं होतं?’

याचं उत्तर काकूंनी दिलं. ‘काय नाही. पहाटे पाचला कोरा चहा घेऊन बागेत गेले, तिथनंच दवाखान्यात. अकरा वाजले होते तोवर.’

तीन वेगवेगळ्या गोष्टी, एकच नाव

दातांच्या खुर्चीत सुई दिल्यावर माणूस बिघडला की आपल्याकडे सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतात. खरं तर त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या रुग्णाच्या सांगण्यावरूनच बऱ्यापैकी ओळखता येतात.

पहिली, साधी भोवळ. भीती, उपाशी पोट आणि सुईचं टोक एकत्र आलं की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो. आडवं करून पाय वर केले की काही मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो.

दुसरी, ॲड्रेनलिनचा परिणाम. दाताच्या लोकलमध्ये आपल्याकडे बहुधा २ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं आणि त्यात १:८०,००० प्रमाणात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं. पण सुईचं टोक चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तेच ॲड्रेनलिन थेट हृदयापर्यंत पोचतं. छाती धडधडते, हात कापतात, जीव घाबराघुबरा होतो आणि थोड्या वेळात सगळं ओसरतं. याला ॲलर्जी म्हणता येत नाही. ॲड्रेनलिन आपलं शरीर स्वतःच बनवतं, आणि खऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत आम्ही पहिलं इंजेक्शन देतो तेही ॲड्रेनलिनचंच.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी ॲलर्जी. पित्त, खाज, सूज, घरघर, नाडी जलद आणि रक्तदाब खाली. ती नुसतं आडवं केल्यानं जात नाही. लिग्नोकेनच्या गटात ती फार म्हणजे फार क्वचित दिसते. १९०५ साली आलेल्या प्रोकेनच्या जुन्या गटात तिचं प्रमाण जास्त होतं. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं, ते वेगळ्या घडणीचं, आणि ते लोकप्रिय होण्याचं हेही एक मोठं कारण होतं.

चौथीही एक शक्यता असते, औषध प्रमाणाबाहेर जाण्याची. तोंडाभोवती बधिरपणा, जिभेवर धातूची चव, कानात आवाज आणि पुढे झटके. पण इथे हिशेब करून ती जवळपास बाजूला ठेवता येत होती. खालच्या दाढेसाठी साधारण दोन मिली औषध लागतं, म्हणजे ४० मिलिग्रॅम लिग्नोकेन. काकांचं वजन ६४ किलो. ॲड्रेनलिनशिवायसुद्धा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे २८८ मिलिग्रॅमपर्यंत त्यांना चाललं असतं. त्या दोन मिलीत ॲड्रेनलिन मात्र २५ मायक्रोग्रॅम होतं, आणि त्यातलं थोडं जरी शिरेत गेलं असतं तरी काकांनी सांगितलं तसंच झालं असतं.

मी त्या दंतवैद्यांना फोन केला. त्यांनी जुनं कार्ड काढून वाचून दाखवलं: खालच्या जबड्याच्या नसेची भूल, ॲड्रेनलिनसह, लगेच धडधड, नंतर भोवळ, त्वचेवर काही नाही. ‘मी खबरदारी म्हणून टाळा असं सांगितलं होतं,’ ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण घरी पोचेपर्यंत ‘खबरदारी’ची ‘ॲलर्जी’ झाली आणि चार वर्षांत ती लाल शाईत उतरली.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र काकूंकडे होता. आमचं बोलणं ऐकता ऐकता त्या एकदम म्हणाल्या, ‘अहो, मग बोटाला टाके घातले तेव्हा सुई दिलीच होती की!’

काकांनी डावा हात पुढे केला. तर्जनीच्या मुळाशी पांढरी, आडवी खूण. दोन वर्षांपूर्वी छाटणीची कात्री लागली होती, ग्रामीण रुग्णालयात बोट बधिर करून चार टाके घातले होते. काही झालं नव्हतं. टाके घालून संध्याकाळी काका परत बागेत.

बोट बधिर करायला आपल्याकडे साधं, ॲड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन वापरण्याची पद्धत आहे. म्हणजे दाढेच्या घटनेनंतर तेच औषध बहुधा एकदा अंगात जाऊन आलं होतं, आणि गप्प राहिलं होतं. फरक होता तो ॲड्रेनलिनचा, उपाशी पोटाचा आणि भीतीचा.

तोंड उघडा, काका

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं, असं वाटेल. पण भूलपूर्व तपासणीत तोंड उघडायला सांगणं हा नेम असतो. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते, त्यासाठी तोंडात रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत. काकांची दोन बोटं जेमतेम गेली. मोजपट्टीनं २४ मिलिमीटर भरलं. गालांच्या आतली कातडी पांढुरकी, आणि बोटानं चाचपली तर दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते.

‘मावा किती वर्षं?’

‘आता कमी केलाय,’ काका खाली बघून म्हणाले. सूनबाईंनी दोन्ही हातांची बोटं पसरून दहा दाखवली.

सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर असं आवळत जातं. कर्करोगाचा धोका तर त्यात आहेच, त्यासाठी त्यांना वेगळ्या तपासणीला पाठवलं. माझ्यापुढचा प्रश्न मात्र तातडीचा होता. अशा माणसाला एकदा गाढ झोपवलं आणि स्नायू सैल केले की श्वास माझ्या हातात येतो, आणि नळी घालायला तोंडच उघडत नाही. मार्ग असतात. जागेपणी, नाकावाटे, लवचिक दुर्बिणीच्या मदतीनं नळी घालता येते. पण ते अवघड काम आहे, आणि त्यासाठीसुद्धा नाक-घसा बधिर करावा लागतो. कशानं? लिग्नोकेननं.

मला राहून राहून वाटतं की चार वर्षांपूर्वीही या तोंडानंच घोटाळा केला असेल. खालच्या जबड्याची नस बधिर करताना सुई तोंडात अगदी मागे न्यावी लागते, आणि तिथे नसेच्या शेजारूनच रक्तवाहिन्या जातात. चांगला हात असलेल्या दंतवैद्यालाही तिथे सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहावं लागतं. तोंडच उघडत नसेल तर ते आणखी कठीण.

‘औषधं कोणती चालू आहेत?’

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. काका म्हणाले, ‘मला काही नाही. शेताला चालू आहेत.’

आपल्याकडे शेतकरी फवारणीला ‘औषध मारणं’ म्हणतो. मी वहीत ‘औषधं नाहीत’ असं लिहून पुढे सरकू शकले असते. पण मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कशाला, कोणतं, कधी. टोमॅटोवर अळी होती, नऊ दिवसांपूर्वी स्वतः पाठीवरच्या पंपानं फवारलं होतं. हातमोजे नाहीत, तोंडाला रुमाल. सूनबाईंनी घरी फोन करून डब्याचा फोटो मागवला. त्यावर लिहिलं होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन.

प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. या गटाची कीटकनाशकं कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. किडीचा जीव त्यानंच जातो. माणसाच्या रक्तातही हे विकर असतं, आणि आमच्या एका औषधाचा निचरा त्याच्यावरच अवलंबून असतो. ते औषध म्हणजे सक्सिनिलकोलिन, नळी घालण्यासाठी झटपट स्नायू सैल करणारं. एरवी त्याचा असर पाच-दहा मिनिटांत उतरतो. विकर कमी असेल तर तो लांबतो, कधी काही तासांपर्यंत. ऑपरेशन संपतं, गुंगी उतरते, आणि माणूस शुद्धीवर असूनही त्याला बोट हलवता येत नाही, श्वास घेता येत नाही. असा रुग्ण व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो, आणि त्या तासांची भीती त्याच्या मनातून सहज जात नाही.

काकांना विषबाधेची कोणतीही लक्षणं नव्हती. बाहुल्या नीट, नाडी ६८, तोंडाला लाळ नाही. तरी रक्त पाठवलं. त्या प्रयोगशाळेत जिथे ५,०००च्या वर आकडा अपेक्षित होता तिथे काकांचा आला २,९००. रक्तातलं हे विकर पूर्ववत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

त्या दिवसापासून मी दिंडोरी, निफाड, सटाण्याकडून आलेल्या प्रत्येक रुग्णाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. पोटात कोणतं औषध घेता, आणि शेतात कोणतं मारता.

ठरवलं काय

लाल शाईतल्या त्या तीन शब्दांवर विसंबून काकांना पूर्ण झोपवलं असतं तर अरुंद तोंड आणि कमी झालेलं विकर, दोन्ही संकटं एकाच टेबलावर एकाच क्षणी समोर आली असती. मी सर्जनना हे सगळं सांगितलं. त्यांनी दुर्बिणीचा आग्रह लगेच सोडला. जांघेतून छेद घेऊन जाळी बसवायची आणि कमरेतल्या सुईची भूल द्यायची, असं ठरलं. कमरेत वापरायचं बुपिव्हॅकेन यकृतात मोडतं, त्याला कोलिनेस्टरेजशी देणंघेणं नाही.

पण ‘बहुधा ॲलर्जी नाही’ एवढ्यावर मी कुणाच्या मणक्यात सुई घालत नाही. आदल्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये, शिरेत सुई लावून, मॉनिटर जोडून, ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवून चाचणी केली. आधी त्वचेवर टोच, मग पातळ केलेलं औषध त्वचेत, मग हळूहळू मात्रा वाढवत त्वचेखाली. दर पायरीनंतर वीस मिनिटं थांबायचं. लिग्नोकेन आणि बुपिव्हॅकेन, दोन्ही, ॲड्रेनलिन आणि टिकवण्याची रसायनं नसलेली. काही झालं नाही. हे काम सगळी तयारी असलेल्या ठिकाणीच करायचं असतं. याउलट, पूर्वी काहीच त्रास नसलेल्या प्रत्येकाला थेंबभर लिग्नोकेन टोचून ‘टेस्ट’ करण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिच्यातून माझ्या मते कुणाचंच फारसं भलं होत नाही. खोटं समाधान मिळतं, किंवा खोटा शिक्का बसतो.

काकांची आता एकच तक्रार उरली होती. ‘कमरेत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते म्हणतात.’ मी त्यांना सुई दाखवली, अगदी बारीक. पाठीचा मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते, हे त्यांच्याच पाठीवर बोट ठेवून समजावलं. टोचल्या जागी दोन दिवस ठणका राहू शकतो, काहींचं डोकं दुखतं. पण जन्मभराची कंबरदुखी या सुईतून येत नाही.

उपासाबद्दल मी सूनबाईंशीच बोलले. रात्रीचं जेवण दहाच्या आत, दुधाचा चहा म्हणजे अन्नच, तो शस्त्रक्रियेच्या सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. काकांना तर मी पाणी प्याच असं सांगितलं. कोरड्या, उपाशी शरीराची भोवळ आम्ही एकदा पाहिली होती.

टेबलावर

सकाळी नऊ वाजता काका टेबलावर बसले, मांडीवर उशी, मांजर पाठ काढतं तशी पाठ. सिस्टरनी खांदे धरले. तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधल्या फटीत सुई घातली, आतली तार काढली आणि वाट पाहिली. सुईच्या बुडाशी एक थेंब आला, पाण्यासारखा स्वच्छ. तो फुगला, थरथरला आणि पडला. इतकी वर्षं झाली तरी तो थेंब दिसल्याशिवाय माझा श्वास मोकळा होत नाही. मग तीन मिली बुपिव्हॅकेन, सावकाश.

‘पाय गरम झाले,’ काका म्हणाले. थोड्या वेळानं, ‘जड झाले.’ स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून गार कुठपर्यंत लागत नाही ते पाहिलं.

सातव्या मिनिटाला त्यांचा चेहरा उतरला. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ‘मॅडम, हे तेच का? दातवाल्याकडचं?’

मॉनिटरवर रक्तदाब ९२/५६ होता, नाडी ५६. कमरेतल्या भुलीत पायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साठतं आणि दाब उतरतो. हे अपेक्षित असतं आणि त्याची तयारी असते. ‘हो काका,’ मी म्हणाले, ‘तेव्हा शेवटी जे झालं तेच. दाब उतरलाय. ही ॲलर्जी नाही. आता चढवते.’ मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम दिलं, सलाइनचा वेग वाढवला. दोन-तीन मिनिटांत ११८ झाला. ओठांवर रंग परत आला. काका छताकडे बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे चार वर्षं मी उगाच एका बाजूनं जेवलो.’

पुढची पन्नास मिनिटं जागेपणीच गेली. काकांनी सर्जनना द्राक्षाचा भाव विचारला, भूलतज्ज्ञ वेगळा डॉक्टर असतो हे आपल्याला माहीत नव्हतं असंही सांगितलं. मी त्यांना सांगितलं की १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये सगळ्यांसमोर ईथरची भूल देऊन दाखवणारा विल्यम मॉर्टन हा दाताचाच डॉक्टर होता. काका म्हणाले, ‘ऑक्टोबरच का? आमची छाटणी असते.’

नंतर

संध्याकाळी पाय हलू लागले, लघवीला झाली, तिसऱ्या दिवशी घरी गेले. डोकं दुखलं नाही. जाताना मी फाइलवरची जुनी नोंद एका रेघेनं खोडली, तारीख टाकून सही केली आणि मराठीत एक कागद लिहून दिला. लिग्नोकेन आणि बुपिव्हॅकेनची चाचणी झाली, ॲलर्जी नाही. दाताच्या वेळी जेवून जावे, आडवे झोपवून, साध्या लिग्नोकेनने किंवा दट्ट्या मागे ओढून तपासून सावकाश भूल द्यावी. तोंड २४ मिलिमीटर उघडते, पूर्ण भूल लागल्यास भूलतज्ज्ञाला आधी कळवावे. कोलिनेस्टरेज कमी होते, सक्सिनिलकोलिन टाळावे, सहा आठवड्यांनी तपासणी परत करावी. सूनबाईंनी तो कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये घातला, कारण घरात तेवढी एकच फाइल हरवत नाही.

डिसेंबरमध्ये दाढ निघाली. त्याच दंतवैद्यांकडे, दुपारी जेवून, काकूंना शेजारी बसवून. सुईनंतर काहीही झालं नाही. रक्ताच्या फेरतपासणीला मात्र काका अजून आलेले नाहीत. सहा आठवडे भरले तेव्हा छाटणी उरकून बागेत फवारण्या चालू होत्या. मी सूनबाईंना फोन करते आहे. द्राक्षं उतरली की घेऊन येते, असं त्या म्हणाल्या आहेत.